मामाचं मौन आणि हदगावची सुपारी

मी आयुष्यात एकदाच गप्प बसलो आणि त्यात सख्ख्या भाचीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

एरवी गप्प बसणं हा माझा प्रांतच नाही. अहमदपूरच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराला लागून, माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक सोयाबीनची पिशवी मागतं आणि मी त्याला पाऊसपाणी, राजकारण आणि माझं पित्त असा बाकीचा माल फुकट देतो. आमचे एक चुलते म्हणतात, "ह्याला मयतीला नेऊ नका, मेलेला उठून 'बस कर' म्हणंल!" (त्यांच्या मयतीला मी आवर्जून दोन शब्द बोलणार आहे.)

तर झालं असं, की नांदेडला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीची, ऋतुजाची, हदगावला सोयरीक जुळत आली होती. मुलगा शिक्षक. दोघांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं, आता ते आपणच ठरवलं असं घरच्यांना वाटायचं तेवढं बाकी होतं. त्यासाठी मुलाच्या घरी बैठक ठरली. ऋतुजानं मला फोन करून सांगितलं, "मामा, सगळी भिस्त तुमच्यावर." पाठोपाठ तिच्या वडिलांचा, म्हणजे दाजींचा फोन आला, "मेव्हणे, हात जोडतो, बैठकीत जरा कमी बोला."

हे मला लागलं. त्याच संध्याकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ समोर आला. कोट घातलेला एक माणूस सांगत होता, "जो कमी बोलतो, त्याला जग घाबरतं. मौन हीच सत्ता!" मी ठरवलं, कमी कशाला, बोलायचंच नाही. आणि सराव घरापासूनच सुरू केला.

"अहो, भाजी काय करू?" बायकोनं विचारलं.

मी खिडकीबाहेर शांतपणे पाहिलं.

"अहो, भाजी!"

मी सावकाश डोळे मिटले. (कोटवाला असंच मिटायचा.) बायकोनं आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता. मग तिचा चेहरा बदलला.

"काय लपवून राहिले तुम्ही?"

तिनं माझा मोबाइल तपासला, शर्टाचे खिसे उलटे केले, स्कूटरची डिकी उपसली. कुठंच काही सापडलं नाही. त्यामुळे तर तिचा संशय दुप्पट झाला. "काहीच ठेवलं न्हाई मागं! म्हणजे लई दिवसाचं चालू हाय!" तिनं मुदखेडला आईला फोन लावला. सासूबाईंचा आवाज मला पलंगावर ऐकू येत होता, "जावई गप झाले? अगं, तुझे मामाबी असेच गप झाले होते, अन् आठ दिवसांनी कळलं, रान इकून बसले! सातबारा बघ आधी!"

रात्री जेवायला गरम धपाटे, दही आणि लोणी आलं. हे खरं तर माझ्या पोटातलं काढून घेण्यासाठी होतं. मला मात्र वाटलं, सत्ता आली!

दुसऱ्या दिवशी दुकानात एक शेतकरी भावात घासाघीस करायला लागला. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. तो आपणहून म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," आणि पिशवी न घेताच निघून गेला. संध्याकाळपर्यंत मोंढ्यात बोभाटा झाला, की यंदाच्या बियाण्यात काहीतरी गडबड आहे, मालकच तोंड उघडायला तयार नाही! शहाण्या माणसानं इथंच थांबायला हवं होतं.

पण चौथ्या दिवशी मी बायकोला घेऊन तसाच हदगावला गेलो.

आता आमच्या सोयऱ्यांतली एक रीत सांगायला हवी. बाकी सगळं ठरलं, तरी शेवटी मुलीच्या मामाला विचारतात. मामानं भरल्या बैठकीत तोंडानं "हाव" म्हटल्याशिवाय सुपारी फुटत नाही, आणि सुपारी फुटल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. नुसती मान हलवलेली चालत नाही.

बैठक झकास चालली होती. लग्न कुठं, कसं, जेवणात काय, सगळं एकमतानं ठरलं. मुलाचे वडील हातात सुपारी घेऊन माझ्याकडे वळले, "काय मामा? तुमचं काय म्हणणं?"

मी मंद हसलो आणि छताच्या पंख्याकडे पाहिलं. एकदम उत्तर दिलं तर वजन कुठं राहतं? माझा विचार होता, जरा ताणायचं आणि मग एकच भारदस्त "हाव" टाकायचा.

"मामा?"

मी सावकाश डोळे मिटले.

बैठकीत चुळबुळ सुरू झाली. "मामा रुसले वाटतं," कुणीतरी कुजबुजलं. "मानपानात काही ऱ्हायलं का?" लगेच टॉवेल-टोपी आली. माझ्या डोक्यावर टोपी बसली. मी गप्प. मग नारळ आला. मी गप्प. मग शाल आली आणि सोबत घाईघाईनं दुसरा टॉवेलही आला. एक शब्द न बोलता एवढा आहेर! मला तर कोटवाल्याचे पाय धरावेसे वाटले.

पण मुलाची आत्या आतल्या दारात बसून हे सगळं बघत होती. त्या घरात तिच्या शब्दापुढं कुणी जात नसे. ती मोठ्यानं म्हणाली, "थांबा. त्यो रुसला न्हाई. रुसलेला माणूस टोपी भिरकावतो, ह्यो तर नीट बसवून घेऊन राहिला. सख्खा मामा 'हाव' म्हणायला कचरतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरून राहिलं. पोरीत काही खोट हाय का?"

मुलाच्या वडिलांच्या हातातली सुपारी गुपचूप खिशात गेली.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. बहीण रीतभात सोडून पुरुषांच्या बैठकीत धावत आली. "बाळ्या, काय चुकलं आमचं? माझ्या लेकीचं वाटोळं करू नको रे!" तिचे डोळे भरले होते. ऋतुजा तिकडं नांदेडला फोन हातात धरून बसली असेल, आणि मी इथं दोन टॉवेल पांघरून पंखा बघतोय! मला माझीच शिसारी आली.

"हाव! हाव! हाव!" मी ओरडलो. "पोरगी सोन्यासारखी हाय! खोट माझ्यात हाय! मी एक व्हिडिओ बघितला!"

आणि मग जे साठलं होतं ते सगळं बाहेर पडलं. भाजी, धपाटे, सातबारा, मोंढा, काही म्हणून ठेवलं नाही.

कुणाचाच विश्वास बसला नाही. "व्हिडिओ बघून कुणी गप बसतंय का?" मुलाचे वडील म्हणाले. "खरं काय ते बोला मामा."

बोलत नव्हतो तेव्हा संशय, बोललो तर जास्तच! शेवटी आत्याबाईंनी हुकूम सोडला, "दाखव तुझा व्हिडिओ."

मी मोबाइल मधोमध ठेवला. सगळी बैठक वाकून बघू लागली. कोटवाला मौनाचं महत्त्व सांगत होता. सांगतच होता. चहा येऊन गेला तरी त्याचं संपेना.

"आगं बाई," आत्याबाई म्हणाल्या, "गप बसा म्हणायला ह्यो बाबा किती बोलून राहिला!" आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. मग दाजी हसले, बहीण डोळे पुसत हसली, आणि चार दिवस मला चोर समजणारी माझी बायको तर भिंत धरून हसली.

"काढ रे सुपारी," आत्याबाई भावाला म्हणाल्या. "ज्याच्या पोटात भाजीबी ऱ्हात न्हाई, त्यो पोरीची खोट काय लपवणार? पण आमची एक अट हाय."

दाजी पुन्हा पांढरे पडले.

"लग्नात ह्या मामाला गप बसू द्यायचं न्हाई. ह्यो गप बसला की जिवाला घोर लागतो."

दाजींनी अट तिथल्या तिथं मान्य केली. सुपारी फुटली. मला इतका आनंद झाला, की आभाराचे दोन शब्द बोलायला मी उभा राहिलो.

वाढलेला भात निवून गेला, तेव्हा आत्याबाईंनी दाजींना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "अट माघारी घ्यायची काही रीत हाय का हो तुमच्यात?"