घागर उचलण्याआधी

दारात टँकर आला की त्या ओल्या रबरी नळीच्या वासानं मी आजही दार लावून घेतो. लातूर नुकता जिल्हा झाला होता, दुष्काळ होता आणि मी उदगीरात नगरपालिकेला उभा होतो. टँकर माझा होता. भरलेली घागर उचलण्याआधी लिंगायत बायांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून मलाच मत द्यायची शपथ घ्यायची, ही अक्कलही माझीच.

शेजारच्या गंगव्वाकाकूनं भरली घागर माझ्या पायांवर उपडी केली. "घे, पाय धू. पान्यासाठी देवाला मधी आणतूस, लाज न्हाई वाटत?"

पाणी सांडलं म्हणून रांगेतल्या बाया तिच्यावरच तुटून पडल्या. मी हसलो आणि पुढचीला म्हणालो, "हां, लावा लिंगाला हात."

निवडूनसुद्धा आलो. थू!