कांडी पुसली का, काका?

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे अगस्ती म्हणत. पुराणातल्या अगस्तीने अख्खा समुद्र एका घोटात संपवला, आपला अगस्ती रोज पितो आणि निम्म्याहून जास्त परत थुंकतो, ही तिथल्या जुन्या फिटरची थट्टा. ती अगस्तीलाच इतकी आवडली की नवख्यांना तो स्वतः सांगे, आणि ते हसले नाहीत तर समजावूनही सांगे: गोडं पाणी काढून घेतलं की उरलेलं जास्त खारं पाणी आपण समुद्रात सोडतो ना, म्हणून थुंकतो.

पण हे माणसं होती तेव्हाचं. मग यंत्रं दूरच्या शहरातल्या कचेरीतून चालायला लागली. फिटर गेला, इलेक्ट्रिशियन गेला, चहावाला तर पगार बंद व्हायच्या आधीच गेला. क्वार्टर्सना ओळीने कुलपं लागली. मागे एक माणूस ठेवावा लागला, कारण समुद्रातली जाळी तुंबली तर ती शहरातून फुंकर मारून मोकळी होत नाही. अगस्ती राहिला. त्याला जायला तरी कुठे होतं? बायको आधीच देवाघरी गेली होती. मुलगा दर रविवारी फोन करी आणि ‘बरे आहात ना बाबा, बरं, ठेवतो’ हे एका श्वासात म्हणे. त्या दोन स्वल्पविरामांच्या मध्ये आपलं उत्तर बसवायचा अगस्तीचा प्रयत्न चालू होता, अजून जमलं नव्हतं.

उरले पंप. त्यांच्याशी तो बोलायचा. आज वारा पडलाय, भाजीत मीठ जास्त झालं, मिठाच्या धंद्यात असून हाताला अंदाज नाही बघा. पंप एका सुरात ‘हूं’ म्हणत. पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे.

आता त्या कांडीविषयी. गाळणीच्या पडद्यांतून आलेलं पाणी इतकं स्वच्छ होतं की त्याला चवच राहत नाही, शिवाय ते वाटेतल्या नळांना खात सुटतं. म्हणून त्यात बेताने चुना घालतात. तो नीट पडला की नाही हे पाण्यात बुडवून ठेवलेली एक काचेची कांडी सांगते. पण तिच्यावर चुन्याची साय धरते, आणि मग ती वातात गेल्यासारखी काहीबाही आकडे बरळते. म्हणून ती रोज सकाळी पुसायची.

एकदा अंगात ताप असल्यामुळे अगस्ती ते विसरला. दुपारच्या चहाच्या सुमारास बिघाडाचा लाल दिवा शहरातल्या कचेरीत आणि इथेही लागला, भोंगा ओरडला आणि पाठोपाठ इकडे फोन वाजला. कोणीतरी बाई विचारत होती,

“कांडी पुसली का, काका?”

अगस्तीने धावत जाऊन पुसली. आकडा जाग्यावर यायला वेळ लागतो, आणि तो येईपर्यंत फोन ठेवायचा नाही असा कचेरीचा नियम. मग करता काय, दोघं बोलत बसली. त्या ताईंनी विचारलं, ताप आहे तर जेवलात काय? अगस्तीने विचारलं, शहरात कुणाचं पाणी पिता? तुमचंच की, त्या म्हणाल्या. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या आधी घटाघटा ग्लासभर पाणी पीत आणि मग चपला काढत, आणि सासूबाई त्यावरून रोज बोलत. पाणी पळून जाणार आहे का, म्हणत. अगस्ती हसला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या हसण्याला खोकल्यासारखा आवाज येतो. वापरात नसल्यामुळे असेल.

त्यानंतर काही सकाळी असं होऊ लागलं, की अगस्ती फडकं घेऊन कांडीपाशी जाई, तिच्याकडे बघे आणि तसाच परत येई. पाण्याशी मात्र लबाडी नाही. ते तो बाटलीत घेऊन हाताने तपासायचा, चोख असायचं. बिघडायची ती फक्त कांडी. भोंगा तेवढा त्याने बंद करून टाकला होता, चहाच्या वेळी फार कटकट करतो म्हणून. चहा ठेवायचा, लाल दिवा लागायचा, फोन वाजायचा. सासूबाईंचे गुडघे, त्यांचा हट्ट, त्यांनी लपवलेली साखर, सगळं अगस्तीला पाठ झालं. स्वतःच्या विहीणबाईंविषयी त्याला याच्या चतकोरही माहिती नव्हती.

अशाच एका दुपारी दिवा लागला आणि फोन वाजला नाही.

अगस्तीने चहा ओतला. वाट पाहिली. ताई कामात असतील. मग तो थोडा रुसला, या वयात शोभेल इतपत. चहावर साय धरली. फोनजवळून उठायची त्याची तयारी नव्हती, न जाणो, उठलो आणि वाजला तर? आणि मग त्याला ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाही. पंप ‘हूं’ म्हणायचे थांबले होते.

दिवा कांडीचा नव्हताच. समुद्रात जेलीफिशचा लोंढा येऊन जाळीवर थापून बसला होता, पाणी अडलं होतं, आणि पंप कोरडे पडायला नकोत म्हणून आपोआप बंद झाले होते. अगस्ती कमरेइतक्या पाण्यात उतरून तो गिळगिळीत थर हातांनी ओढत राहिला. हात भाजल्यासारखे लाल झाले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातले नळ कोरडेच राहिले.

चौकशीला एक साहेब आले. त्यांनी कचेरीत ताईंना फोन लावला आणि समोर ठेवला, म्हणजे दोघांचंही ऐकू यावं. रोख ताईंवर होता. दिवा दिसला, तरी फोन का केला नाही? ताई एवढंच म्हणाल्या, चुकलं माझं. आपलं नाव त्यांनी टाळलं, हे अगस्तीला समजलं. आपण एवढं म्हटलं, की भोंगा नादुरुस्त होता, तर आपलं निभेल, फोनही चालू राहील, फक्त पलीकडे ताई नसतील.

“साहेब, त्या दिव्याचा अर्थ बिघाड झाला, असा नव्हता,” अगस्ती म्हणाला. “चहा झाला, असा होता. कांडी मी मुद्दाम पुसत नव्हतो.”

साहेबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

“मला माहीत होतं, साहेब,” फोनमधून आवाज आला. “त्या दिवशी म्हटलं, हातातलं काम उरकू आणि मग निवांत बोलू.”

साहेब भला माणूस होता. त्याने दोघांनाही समज देण्यावर भागवलं. मात्र ताईंना बिलांच्या टेबलावर बसवलं, भोंगा सुरू करून त्याचं बटण काढून नेलं, आणि कांडीला एक छोटा ब्रश लावून दिला. ब्रश आपल्या आपण फिरतो, कांडी आपल्या आपण लखलखते. अगस्तीने त्याचं नाव आदर्श सून ठेवलं. न सांगता काम करते आणि चकार शब्द बोलत नाही.

फोन आता रविवारी वाजतो. स्वल्पविरामांसकट.

पण संगणकाच्या पडद्यावर एक रेघ असते, शहर किती पाणी घेतंय ते दाखवणारी. दुपारभर ती आडवी पडलेली असते. दिवेलागणीला माणसं घरी परततात, नळ सुटतात आणि रेघ चढू लागते. हजारो नळ, त्यांतला कुठला कोणाचा हे त्या रेघेलाही ठाऊक नसतं. अगस्ती खुर्ची जवळ ओढतो. रेघ किंचित, ग्लासभर, वर सरकते.

“आल्या वाटतं घरी,” तो पंपांना म्हणतो. “अजून चपला काढल्या नसतील.”

पंप म्हणतात, हूं.