सोलर फक्त पुरुषांच्या बाथरूमपुरतं

मैत्रिणींनो, दुपारी परळीहून आले आणि आधी हे लिहायला बसले. डोकं अजून तापलेलंच आहे.

माझ्या भाचीसाठी स्थळ आलंय. तिला घेऊन आज आम्ही मुलाचं घर बघायला गेलतो. मुलाच्या वडिलांनी चहाच्याही आधी आम्हाला गच्चीवर नेलं. तिथं पाणी तापवायचं नवं सोलर बसवलेलं. "आमच्या सुनेला पाणी तापवायची कटकटच न्हाई," म्हणाले. ऐट अशी, जणू सूर्य यांच्याच मालकीचा!

खाली आल्यावर मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथं मुलाची आई भांड्यांसाठी चुलीवर पाणी तापवत बसलेली. धुरानं डोळे लालभडक.

"अवं ताई, वर सोलर हाय ना?" मी विचारलं.

"त्याचा नळ ह्यांच्या अन् पोराच्या बाथरूमात हाय," त्या हळूच म्हणाल्या. "बायकांना कशाला, म्हणले."

बैठकीत येऊन मी मुलालाच विचारलं, "मागं आईच्या चुलीपाशी पाइप कावून नेला न्हाई?"

तो हसला. "आईला चुलीची सवयच हाय, मावशी."

भाची उठली. "मला हे स्थळ नको," एवढंच बोलली आणि चपला घालायला लागली.

वडील मागून ओरडले, "एवढ्याशा पाइपापायी सोयरीक मोडता का?"

हो, मोडतो. ज्याला स्वतःच्या आईपर्यंत चार हात पाइप नेता आला न्हाई, त्याच्या घरी आम्ही लेक देणार न्हाई. तुम्ही दिली असती का?