पेन्सिलीतला डोस

औषधांच्या काउंटरमागे वीस वर्षं उभं राहिलं की पायांत फुगलेल्या शिरा आणि डोक्यात किस्से, दोन्ही साचत जातात. शिरांवर मोजे चढवता येतात. किश्शांवर मात्र काही इलाज नाही, ते कोणाला तरी सांगून टाकावेच लागतात. आज तुम्ही सापडलात.

आमचा दवाखाना ट्रस्टचा, रत्नागिरीत, मनाच्या आजारांचा. डॉक्टर कोल्हापूरचे. मंगळवारी आणि शुक्रवारी आंबा घाट उतरून येतात. बाकीचे दिवस तिथे मी फार्मासिस्ट, मयेकर सिस्टर आणि औषधांचं कपाट. पेशंट काही वार बघून आजारी पडत नाहीत, हे डॉक्टरांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, मी लिहायचं, तुम्ही द्यायचं. मध्ये तिसरं काही नको."

मी "बरं सर" म्हटलं. राग आला होता, तो कपाट आवरण्यात काढला. कपाट तीन दिवस चकाचक होतं.

*

एका बुधवारी काळबादेवीचे तांडेलकाका लिथियमच्या गोळ्या न्यायला आले. जुने पेशंट. चार वर्षं तब्येत उत्तम, स्वतःची होडी स्वतः चालवणारा माणूस. सिस्टरनी त्यांना चहा दिला, तर अर्धा बशीत गेला आणि अर्धा शर्टावर. चालतानाही तोल जात होता.

काकू म्हणाल्या, "चार दिस पोट पन बिघाडलाय. वय झाला आता, काय करनार."

चार दिवसांत कोणी एवढं म्हातारं होत नाही. मी विचारलं, "काकू, जेवणात काही बदललंत?"

काकूंची मान ताठ झाली. "तर! क्यांपात बीपी निगाला ना. तवापासून मीठच बंद. सुकट बंद, लोणचा बंद. पेजेत पन मिठाचा खडा नाय."

आता लिथियम घेणाऱ्याचं मीठ असं एकदम तोडलं, की औषध बाहेर पडायचं कमी होतं आणि अंगात साठत जातं. मी गोळ्या दिल्याच नाहीत. घरातल्याही घेऊ नका म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ताबडतोब रक्त तपासायला आणि काकांना दाखल करायला सांगितलं. लिथियमची पातळी चांगलीच चढलेली निघाली.

"तुम्हाला कशावरून शंका आली?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेजेवरून, सर."

काकांना सलाईन लागलं. ते कशाचं असतं, हे सिस्टरनी काकूंना समजावलं. काकूंनी त्या बाटलीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मी घरात येकेक खडा काडतंय, नि हे हितं बाटलीभर मीठ घालतायत!"

काका बरे झाले. पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांनी माझ्या काउंटरवर एक पेन्सिल आणून ठेवली. म्हणाले, "कायद्याने प्रिस्क्रिप्शन मीच लिहायचं. पण मी नसताना तुम्ही पेशंट बघता, तर तुम्हाला काय वाटतं ते केसपेपरवर पेन्सिलीने लिहा. पटलं तर मी पेनाने गिरवीन. नाही पटलं तर खोडरबर आहेच."

पहिला महिना खोडरबर झिजला. पुढे पेन्सिल झिजायला लागली.

*

लांज्याकडच्या महादेवला त्याचा भाऊ दंडाला धरूनच घेऊन आला. महादेवचं एक जड औषध कित्येक वर्षं चालू होतं आणि माणूस कलमांच्या बागेत व्यवस्थित कामाला जात होता. आता तो दिवसभर झोपायचा. तोंडातून लाळ गळायची.

"आजार उलाटला, बाय," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

मी महादेवच्या बोटांकडे बघितलं. ती बोटं मी इतकी वर्षं बिडीने पिवळी झालेली पाहिली होती. आज स्वच्छ होती. "बिडी कधी सोडली?"

भावाची छाती फुगली. "पंधरा दिस झाले. देवासमोर नारळ ठेवून सोडलान!"

बिडीच्या धुरामुळे हे औषध अंगात लवकर संपतं. धूर थांबला की तोच डोस जास्त होतो. म्हणजे आजार नव्हे, गोळीच अंगावर आली होती. मी डॉक्टरांना फोन केला आणि पेन्सिलीने लिहिलं, 'डोस कमी करावा, रक्त तपासावं.' डॉक्टरांनी आल्यावर भावाकडून सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि एक अक्षर न बदलता गिरवलं.

तीन आठवड्यांनी महादेव स्वतःच्या पायांनी, एकटा आला. एकदम टवटवीत. औषध घेऊन दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"बाय, एक इचारू? बिडी परत लावली, तर गोळी वाडवून मिळंल?"

*

आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक येत. त्यांच्या केसपेपरवर मी पेन्सिलीने लिहिलं, 'झोपेची गोळी हळूहळू अर्धी करावी.' डॉक्टर यायला अवकाश होता, म्हणून गुरुजी पेपर घेऊन बाकावर बसले.

आत गेले तेव्हा डॉक्टर पेपर बघतच राहिले. माझं वाक्य निळ्या शाईत आधीच गिरवलेलं, खाली तारीख, त्याखाली लफ्फेदार सही.

"हे कोणी केलं?"

"मी," गुरुजी म्हणाले. "पेन्सिलीतला मजकूर ग्राह्य धरत नाहीत."

डॉक्टरांनी डोस तपासला, गुरुजींना चार प्रश्न विचारले आणि त्यांच्या सहीखाली मुकाट्याने आपली सही केली. बाहेर येऊन गुरुजी मला हळूच म्हणाले, "मुलगा हुशार आहे. पुढे जाईल."

*

सगळे किस्से माझ्या शहाणपणाचे नाहीत. नलिनीताई उदासीसाठी औषध घेत होत्या. दोन महिने झाले तरी फरक नाही. मी पेन्सिलीने डोस वाढवायचं सुचवलं. डॉक्टर यायच्या आधी मला काय वाटलं कोण जाणे, मी ताईंना घरातली उरलेली पाकिटं आणायला सांगितली. त्यांनी पिशवी उपडी केली, तर गोळ्यांचा ढीगच.

"अहो, या घेतल्या का नाहीत?"

"सोमवारी शंकराचा उपास, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच पाकिटावर लिहिलंत ना, जेवणानंतर? मग ज्या दिवशी जेवणच नाही, त्या दिवशी गोळी कशी घेणार?"

माझे कान तापले. ते 'जेवणानंतर' माझ्याच अक्षरातलं होतं, वीस वर्षं मी न बघता तेच लिहीत आले होते. माझं पेन्सिलीतलं वाक्य मी माझ्याच हाताने खोडलं आणि लिहिलं, 'जुनाच डोस. सकाळच्या चहाबरोबर. उपास असो वा नसो.'

महिन्याभराने नलिनीताई अबोलीचा वळेसर माळून आल्या. त्या दिवशी मी मयेकर सिस्टरना भजी खाऊ घातली.

*

आणि आता हा.

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, सिस्टरनी सतरा नंबर पुकारला आणि माझ्या काउंटरसमोर स्वतः डॉक्टर येऊन उभे राहिले. त्यांनी रीतसर टोकन घेतलं होतं. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात टोक केलेली पेन्सिल. मागे त्यांची आई उभी होती. सुती नऊवारी, पांढरे केस, आणि नजर कुठेच नाही.

"तीन महिने झाले," डॉक्टर म्हणाले. "मला विचारते, तुम्ही कोण? सगळ्या तपासण्या केल्या. औषधंही मी दहादा बघितली. पण मला आईच दिसते, मॅडम. गोळ्या दिसत नाहीत."

मी पाकिटं एकेक करून मांडली. लघवीसाठी एका डॉक्टरांची, अंगाच्या खाजेसाठी दुसऱ्यांची, पोटातल्या कळांसाठी तिसऱ्यांची, आणि झोपेची कोणाची तरी. एकेकटी घेतली तर सगळी बरी. पण चारही मिळून म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात धुकं आणणारी.

पेन्सिल हातात घेतली आणि खरं सांगते, मला भीती वाटली. एवढं सगळं काढूनही आई परत आली नाही तर? डॉक्टरांनाही तेच वाटत असणार. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी चार ओळी लिहिल्या. त्यांनी तिथेच उभ्याने त्या त्या डॉक्टरांना फोन केले आणि चारही ओळी गिरवल्या. दोन औषधं बंद झाली, दोन हळूहळू कमी करायची ठरली.

पुढच्या मंगळवारी मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही.

मग एका शुक्रवारी आई पुन्हा काउंटरसमोर आल्या. मी त्यांना सकाळची गोळी कोणती, संध्याकाळची कोणती, हे दाखवत होते. बाहेर बाकावर तांडेलकाका, महादेव, गुरुजी, सगळी मंडळी जमलेली. डॉक्टर घाईघाईने आले आणि मध्येच समजावू लागले, "हे बघ, ही पांढरी आहे ना, ती..."

आईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"बंड्या, त्या बाईंना सांगू दे. मध्ये मध्ये करू नकोस. बाहेर जाऊन बस, नंबर आला की बोलावतील."

डॉक्टर बाहेर गेले. तांडेलकाकांनी सरकून बाकावर जागा करून दिली, तिथे बसले. त्या दिवशी ओपीडी वीस मिनिटं उशिरा सुरू झाली.