भिकूकाका आणि माझा शार्क

चाकणच्या आमच्या कंपनीत बुधवारी कॅन्टीनला मासे असत. भिकूकाका तुकडा आधी हुंगत आणि मग निकाल देत, "हो बांगडो माज्यापेक्षा जास्त फिरललो हा." मालवणात निम्मं आयुष्य मासेमारी करून, शेवटी होडी विकून ते प्रेसशॉपला लागले होते. राहायला कुरुळीत, बायको गावी. महिन्यातून एकदा एसटीनं घरी जात.

मी एचआरचा. गुजरातेतल्या नव्या प्लांटला प्रत्येक लाइनवरून एक माणूस पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लोक नाराज होणार हे दिसतच होतं, म्हणून मी स्लाइड्स केल्या. शार्क हजारो किलोमीटर कसे पोहतात, ट्यूना अख्खा महासागर कसा ओलांडतो, सगळं बाण काढून दाखवलं. माणसानंही असंच निघावं, असं ठणकावलं. मी स्वतः सांगवीत जन्मलो, सांगवीतच वाढलो. मुळा ओलांडून औंधला फ्लॅट घ्यायचं ठरलं, तर आई रुसली आणि मी तो बेत सोडला. पण स्लाइडपुढे मी सराईत दर्यावर्दी होतो.

त्याच बैठकीत यादी वाचली. प्रेसशॉपचं नाव निघालं सारिकाचं. परभणीची मुलगी, सातवा महिना, बाळंतपणासाठी आई कुरुळीत येऊन राहिलेली. माझी यादी जुन्या नोंदींवरून केलेली, त्यात पोट कुठून दिसणार? ती रडवेली होऊन नाव काढा म्हणाली. मी "बघू" म्हणालो. आमच्या खात्यात याचा अर्थ 'नाही' असा होतो.

तेव्हा भिकूकाका उठले. शार्कचं मी सांगितलं ते खरं आहे म्हणाले. मी सुखावलोसुद्धा.

"सायबानू, मासो पोटासाठी लांब जाता. पण गाभण मोरी पिल्लां घालूक खाडीच्या तोंडाक येता. तेव्हा थंय जाळा टाकूचा नाय, असो आमचो नेम. ह्या चेडवाचा नाव काडा, माजा घाला."

मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क, हे मला, शार्कवर व्याख्यान देणाऱ्याला, शेजाऱ्यानं कानात सांगावं लागलं. मला मनापासून लाज वाटली. गुजरातेतून दर महिन्याला मालवण गाठता येणार नाही, असं मी काकांना म्हणालो. बायकोला मी सांगेन, एवढंच ते बोलले.

'मी स्वखुशीने बदली स्वीकारत आहे' हे वाक्य मी सगळ्यांच्या अर्जांवर आधीच छापून आणलं होतं. अख्ख्या गठ्ठ्यात ते एकाच कागदावर खरं निघालं.