मेथीच्या जुडीतला पाहुणा

हसा, पण माझा चहा संपल्यावर हसा. मध्येच हसलात तर मला ठसका लागतो आणि किस्सा अर्धा राहतो. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण ज्या गाढवपणाला पाट मांडला गेला, रांगोळी घातली गेली, असा हा एकच.

थंडीचे दिवस. भालकीच्या बाजारातून मेथी आणली होती. ओट्यावर जुडी सोडली, तर त्यातलं एक वाळकं पान माझ्याकडे बघायला लागलं. खोटं नाही सांगत. एका डोळ्यानं माझ्याकडे आणि दुसऱ्या डोळ्यानं साक्षीकडे.

साक्षी माझी लेक, चार वर्षांची. ती ओरडली नाही. ओरडले मी.

सरड्याचं पिल्लू होतं ते. कुंपणावर बसून मान हलवतो तो सरडा नव्हे, रंग बदलणारा, फांदी मुठीत धरून डुलत डुलत चालणारा. कन्नडमध्ये गोसुंबे म्हणतात तो. हा तर बोटाच्या दोन पेरांएवढा, नुकताच अंड्यातून निघालेला, शेपटीची जिलेबी घातलेली. जुडीची सुतळी त्याच्या मागच्या पायावर करकचून बसली होती. ती कापताना मी कात्री इतक्या वेळा पुढं नेली आणि मागं घेतली की साक्षी म्हणाली, "मम्मी, मी करू का?"

आमचे हे साखर कारखान्यात आहेत. गाळपाचा हंगाम, माणूस घरी येतो तो फक्त झोपायला. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "सोडून दे. असलं घरी ठेवायला कायद्यानं बंदी हाय. केस होईल."

"पाय तरी बरा होऊ द्या. मागं दोन मांजरं आहेत, तीन पायांवर कुठं पळेल तो?"

"भागू, ठेवायचं न्हाई म्हणजे न्हाई," म्हणाले आणि पाळीवर निघून गेले.

मी फोनवर शोधलं. बंदी खरीच होती. वनखात्याला फोन लावायचं धाडस होईना आणि मांजरांपुढं टाकायचं मन होईना. ठरवलं, पायानं फांदी धरायला लागला आणि आपलं आपण खायला लागला की नेऊन सोडायचा. तोवर कुणाला सांगायचं नाही.

आता मी कशी आहे, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. साक्षी तान्ही असताना ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. शिंकली की दवाखाना. मुलांचे डॉक्टर माझा नंबर बघून फोन उलटा ठेवत असावेत. "भागूचा जीव लई बारीक हाय," असं सासरी-माहेरी दोन्हीकडं एकमत होतं. आणि मलाही ते पटलेलंच होतं. एक पोर वाढवताना जिची ही गत, तिच्या हातात आता हे पेराएवढं.

पहिली पंचाईत खाण्याची. आमचं घर बसवण्णांना मानणारं, कडक शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा आमच्यात उंबऱ्याबाहेर उभं राहून खातात. मग मी त्याला काय दिलं असेल? कुस्करलेलं केळं दिलं. नाचणीचं सत्त्व दिलं. कापसाच्या वातीनं वरणाचं पाणी दिलं. त्यानं तोंड घट्ट मिटलं, एक डोळा नाचणीकडे आणि एक छताकडे. बीएस्सी झालेली बाई मी. सरडा वरण पीत नाही हे कळायला मला पूर्ण एक दिवस लागला.

त्याला जिवंत बारीक चिलटं लागतात. पाणी वाटीतलं पीत नाही, पानावर थेंब शिंपडले तर चाटतो. म्हणून मी पिकून काळी पडलेली केळी गूळ लावून उघडी ठेवायला लागले. घरात बाई चिलटं मारते, मी वाढवत होते. चिमट्यानं चिलट धरून समोर न्यायचं, त्यानं रागानं तोंड उघडलं की आत सोडायचं. जीभ काही तो बाहेर काढीना. या सरड्यांची जीभ म्हणजे त्यांचा हात, आणि माझ्या बाळाचा हातच उचलेना.

सकाळी तो काळाठिक्कर पडायचा, मला वाटायचं संपला. ऊन शोषून घ्यायला काळा होतो, हे नंतर वाचलं. झोपला की पांढरा पडायचा, मग मी पुन्हा रडायची. डुलत चालायचा, मला वाटायचं अशक्तपणा. तब्येत ठणठणीत असल्याची जेवढी म्हणून लक्षणं असतात, त्या सगळ्यांना मी एकदा तरी रडून घेतलं.

आणि त्यातच येळवस आली. शेतात बसून भज्जी-आंबील खायचा आमच्याकडचा सण. त्यासाठी जनवाड्याहून अत्ती आल्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि सण झाल्यावर राहिल्या. अत्तींना देवघराच्या भिंतीवर पाल खपत नाही. मी सरडा आतल्या लहान खोलीत नेला, कुंडीत जास्वंदीची फांदी खोचली, वर जेवण झाकायची जाळी ठेवली. साक्षीला सांगितलं, आजीला सांगायचं नाही.

शेजारच्या सुनंदाअक्का फळवाल्यापाशी भेटल्या. शाळेत शिकवतात, नजर तशीच. "असली काळी केळी कामून घेतीस गं?"

"आता असलीच लागतात मला, अक्का."

अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "जड उचलू नको."

घरी अत्तींनी ऊद घातला तर मी धावत जाऊन खिडकी उघडली. इवल्याशा छातीला धूर कसा सोसेल? "धूर नको अत्ती, सहन होत नाही." फोडणी दिली की मी आतल्या खोलीचं दार लावायला पळायची. सकाळी पदराखाली वाटी धरून, जपून एकेक पाऊल टाकत, मागच्या पायरीवर उन्हात जाऊन बसायची. वाटीत तो असायचा. अत्तींना दिसायचा फक्त पदर आणि त्याखालचा हात.

हां, आता तुमच्या डोक्यात उजेड पडायला लागला. माझ्या पडला नव्हता.

एक दिवस दुपारी अत्तींनी मला जवळ बसवलं. "साक्षी म्हणायलीय, मम्मीनं न्हाई सांगायला सांगितलंय."

मी गार. "काय नाही सांगायचं, ते बोलली का?"

"ती कशाला बोलंल. मला न बोलता कळतंय. चोरून उन्हात बसायलीस, धूर सोसंना झालाय, खिडक्या उघडायलीस. मला काय डोळे न्हाईत व्हय?"

"अत्ती, रागावू नका."

"राग कामून यील? जीव आलाय आपल्या दारात. शिवानं धाडलाय."

मला भरून आलं. ज्या बाईला पाल खपत नाही, तिचं हे मन. अत्तींनी आवाज बारीक केला. "शिवूला सांगितलीस?"

शिवू म्हणजे आमचे हे. "सांगितलं."

"काय म्हणला?"

"ठेवायचं नाही म्हणाले."

अत्तींचा चेहरा दगडाचा झाला. "न्हाई ठेवायचं?"

"सोडून दे म्हणाले. केस होईल म्हणाले."

"केस व्हईलच की. मीच करते त्याच्यावर." त्या उठल्या, पुन्हा बसल्या, माझा हात धरला. "तू भिऊ नको. माझ्या घरात वाढंल ते. पर नाव काढू नको कुणापाशी. तीन महिने तोंडातनं भाईर काढायचं न्हाई."

तीन महिने कशाला, हे मला कळलं नाही. पण इतक्या समजूतदार बाईला उलट प्रश्न कोण विचारील?

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बाईला दिवस गेले की तीन महिने कुणी त्याचा उच्चार करत नाही, दृष्ट लागते म्हणून. कळतं सगळ्यांना, बोलत कुणी नाही. बोलायची सोय असती तर सगळा घोटाळा त्या दुपारीच मिटला असता.

दुसऱ्या दिवसापासून यांच्या डब्यात कडक भाकरी आणि मीठ. "अव्वाला काय झालंय?" यांनी आईबद्दल मला विचारलं.

"तुम्ही सोडून दे म्हणालात, ते आवडलं नाही त्यांना."

"एवढ्यासाठी?"

अत्ती दारात होत्या. त्या 'एवढ्यासाठी'नंतर डब्यातलं मीठही बंद झालं.

माझी मात्र चंगळ. बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, दुपारी आडवं पडायचं. मला वाटलं, सरड्याकडे लक्ष द्यायला वेळ मिळावा म्हणून अत्ती कामं अंगावर घेतायत. सुनंदाअक्का रोज काहीतरी आणायच्या, आंबट बोरं, मीठ लावलेली चिंच, तुपात भिजलेली होळगी, म्हणजे पुरणपोळी. "खा, खावंसं वाटतंय तवर खा." खरं सांगू? साक्षी झाल्यापासून तू जेवलीस का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी खात गेले.

सोमवारी अत्ती म्हणाल्या, "आज दिवेलागणीला दार लावून घेऊ. घरच्यासारख्या बायका येतील. तुझ्या आईला बी बोलावलंय." निंबर्ग्याहून आई बस बदलत बदलत आली आणि मला पोटाशी धरून रडली. आई सरड्यासाठी रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण चार दिवसांत माणसांची इतकी माया बघितली होती, की हेही पटून गेलं. मला वाटलं, त्याला बघायला जमल्यात सगळ्या. त्याचा पायही आता फांदी धरत होता. बाहेर बायकांची कुजबुज चालली होती आणि मी आत बसून त्याच्या कुंडीत नवी जास्वंदीची फांदी खोचत होते, एक लाल फूल असलेली.

बाहेर आले. मधोमध पाट, भोवती रांगोळी, समया. मनात म्हटलं, बघा, त्याच्यासाठी पाटसुद्धा. कुंडी मी अलगद पाटावर ठेवली आणि जाळी उचलली.

"हा बघा," मी म्हणाले.

सगळ्या आधी कुंडीकडे, मग माझ्याकडे बघायला लागल्या. मग माझं लक्ष ताटाकडे गेलं. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, तांदूळ, गुळाचा खडा. चोरओटी, दिवस गेलेल्या बाईची गुपचूप भरतात ती. काळी केळी, धूर, पदराखालचा हात, तीन महिने, बोरं, सगळं एकाच वेळी माझ्या डोक्यात येऊन आदळलं.

"भागू," सुनंदाअक्का हळूच म्हणाल्या, "हे काय हाय?"

"सरडा."

"आणि..." त्यांची नजर माझ्या पोटावर आली.

"तिथं नुसती बोरं आहेत, अक्का."

आई मटकन खाली बसली. अत्तींकडे बघायची माझी छाती होईना. त्या बाईनं मनात पाळणा बांधला होता, त्यापायी पोटच्या पोराचं मीठ तोडलं होतं.

तेवढ्यात गुळावर एक चिलट बसलं. माझ्याच पैदाशीतलं. फांदीवरचा तो डुलत डुलत पुढं सरकला, दुखरा पाय रोवून. इतके दिवस दोन दिशांना फिरणारे ते डोळे पहिल्यांदा एका जागी आले. काहीतरी लपकन चमकलं आणि गुळावर चिलट नव्हतं.

मी सगळं विसरले. "खाल्लं त्यानं. अत्ती, आपलं आपण खाल्लं." आणि ओटीच्या ताटापुढं बसून मी हमसून हमसून रडले.

अत्ती वाकल्या. त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"तोंडावळा आमच्याकडचा न्हाई," त्या म्हणाल्या. "डोळे तेवढे शिवूचे. जेवताना एक ताटात, एक मोबाईलात."

पहिल्यांदा आई हसली. मग कुणीच थांबेना. सुनंदाअक्कांना भिंत धरावी लागली.

हसणं ओसरल्यावर अत्तींनी कुंडी उचलून बाजूला ठेवली. "बस पाटावर."

"अत्ती, पण काहीच नाही ना."

"भरायला काढलेली ओटी माघारी ठेवत न्हाईत. आणि काही न्हाई कसं? पेराएवढा जीव जगवलीस. मला जमत न्हाई, मला जमत न्हाई, म्हणायचं आता बास कर."

माझ्या पदरात तांदूळ पडत होते आणि मला वर बघवत नव्हतं. लग्न होऊन या घरात आले, लेक झाली, पण या बायका माझ्या आहेत हे मला त्या संध्याकाळी कळलं. न झालेल्या बाळावर त्यांनी एवढी माया केली, आणि ते नाही म्हटल्यावर ती परत मागितली नाही. ती माझीच होती तर.

यांच्या डब्यात दुसऱ्या दिवशी होळगी होती, वर तुपाची वाटी. माफी मागायची अत्तींची ती पद्धत.

सकाळी ऊन आल्यावर मी आणि साक्षीनं त्याला मळ्याकडच्या जुन्या कुंपणावर सोडलं. तो पानांत शिरला. मान वळवून बघितलं नाही. त्याला वळवावी लागतही नाही. एक डोळा शेवटपर्यंत माझ्याकडे होता, असं मी समजते.

राहता राहिली ओटीतली चोळी. आमच्याकडे तिला कुबसा म्हणतात. अत्तींनी खणाबरोबर तीही शिवून आणली होती, पुढचे महिने ध्यानात धरून, अंगाला चांगली दोन बोटं सैल. परवा एका लग्नाला म्हणून घालून बघितली.

बरोब्बर बसली.