पौलसची उपकारस्तुती

नाकाडोंगरीचा पौलस गवंडी नाताळाला आम्हा शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचा. जेवणाआधी तो डोळे मिटून उपकारस्तुती करी. वर्षभरात ज्यानं मदत केली, त्याचं नाव आणि काम देवाला मोठ्यानं सांगे. भात निवून जाई.

१९७८ साली आम्ही त्याच्या घराचे कवेलू फेरले होते, म्हणजे छपराची कौलं काढून पुन्हा नीट बसवली होती. बायाबाईनं माती कालवली, मी दोनशे कवेलू वर चढवले, सगळं त्या नाताळाला देवाच्या कानावर गेलं. आमच्यातल्या मुरारीचं नाव मात्र आलंच नाही. आमेन झालं, तसं मुरारीनं ताट सरकवलं.

“पौलसभाऊ, मी नव्हतो का तिथं?”

“होतास ना. झाडाखाली बिडी ओढत होतास. देवाले खोटं काहून सांगू?”

“मंग मी नाही जेवत.”

पौलसची बायको मार्थाबाई म्हणाली, “रुसून कायले राहिला? विहिरीवरून पाणी आण.”

मुरारी उठला. दोन घागरी आणून धापा टाकत बसला. पौलसनं पुन्हा डोळे मिटले.

“हे प्रभू, मुरारीनं दीड घागर पाणी आणलं, म्हणून तुझे उपकार मानतो. अर्धी वाटेत सांडली.”

हिशेब बरोबर होता. मुरारीनं सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं आणि ताट पुढं ओढलं.